सदतीस पानांखालचं नाव

‘या विभागातली पानं आपणच लिहिली आहेत का?’

मेल इंग्रजीत होता, एका ओळीचा. पाठवणारी पुण्यातल्या एका कंपनीतली इंजिनिअर. असे मेल मला आठवड्याला चार-पाच येतात. कुणाला चूक सापडलेली असते, कुणाला एखादं उदाहरण स्वतःच्या कामात वापरायचं असतं आणि त्यासाठी परवानगी हवी असते. अकराची मीटिंग सुरू व्हायला दोन मिनिटं होती. एका हातात चहाचा कप होता. दुसऱ्या हातानं मी उत्तर टाइप केलं, ‘हो. काही दुरुस्ती असेल तर जरूर कळवा.’ आणि मीटिंगला बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नागसेनचा फोन आला. नागसेन सरवदे, राहणार ढोकी. त्याचा फोन म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी अडलंय, म्हणून मी वही-पेन ओढूनच फोन घेतला.

“मॅडम, तुमी त्या पुण्याच्या लोकांना काय लिहून दिलं?”

“कुठल्या पुण्याच्या?”

“एका बाईंचा मेल आलता का तुमाला? पानं कुणी लिहिली म्हणून?”

“आला होता. का रे?”

मागून प्रिंटरचा आवाज येत होता.

“ते म्हणायलेत, मी दुसऱ्याचं काम माझं म्हणून दाखवलं. मी काय खोटं बोललो न्हाय मॅडम. मीच सांगितलं होतं त्यांना, नावाचं काय वाटलं तर मॅडमना विचारा म्हणून.”

त्या एका ओळीचा अर्थ मला तेव्हा कळला. ती बाई दुरुस्ती विचारत नव्हती, एका उमेदवाराची खातरजमा करत होती. आणि मी चहा पिता पिता त्याच्याविरुद्ध साक्ष देऊन मोकळी झाले होते.

हे असं कसं झालं ते सांगायचं तर आधी माझं काम सांगायला हवं.

मी टेक्निकल रायटर आहे. सॉफ्टवेअर बनवणारे वेगळे आणि ते कसं वापरायचं हे लिहिणारे वेगळे. मी दुसऱ्या जातकुळीतली. सतरा वर्षं पुण्यात नोकरी केली, आता सहा वर्षं तुळजापुरात माहेरच्या घरी बसून तेच काम करते. आमचं घर तीन पिढ्या शिक्षकांचं. त्यामुळे दुसऱ्याच्या वहीत लाल पेन चालवायची खोड मला जन्मजात आहे.

नोकरीशिवाय मी एका प्रोग्रॅमिंग भाषेच्या समुदायात फुकट काम करते. भाषेचं नाव सांगत नाही, ती फार मोठीही नाही. ती कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. जगभरातली माणसं आपापल्या रिकाम्या वेळात ती सांभाळतात. या भाषेत वेबसाईट बनवायची तर बरीच अवजारं लागतात. एक पानं दाखवणारं, एक माहिती साठवणारं, एक लोकांनी भरलेले फॉर्म घेणारं. प्रत्येक अवजार वेगळ्या माणसानं बनवलेलं. त्यामुळे नवा माणूस आला की गांगरतो. कुठलं घ्यायचं, कशाला काय जोडायचं, हे कुणीतरी नीट लिहून ठेवावं लागतं. त्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात.

आमचं डॉक्युमेंटेशन म्हणजे लग्नघरातली भांडी झाली होती. काही जुन्या विकीवर, काही चर्चेच्या साईटवर, काही कधीच गायब झालेल्या लोकांच्या ब्लॉगवर. विकी म्हणजे अशी साईट, जिच्यावरचं कुठलंही पान कुणालाही सुधारता येतं. एकाच प्रश्नाची तीन उत्तरं सापडायची, त्यातली दोन शिळी. सगळं एका नव्या साईटवर, एका क्रमानं लावायचं असं आमच्या सहा जणांच्या कमिटीनं ठरवलं आणि काम माझ्या गळ्यात घातलं. खरं सांगायचं तर मी गळा पुढं केला होता.

नागसेन मला त्याआधीपासून माहीत होता. सहा-सात वर्षांपूर्वी त्याचा मेल आला होता. मोडक्या इंग्रजीत त्यानं लिहिलं होतं, की तुमच्या पानावर सांगितल्याप्रमाणे फॉर्म बनवला तर मध्येच नेट गेल्यावर भरलेलं सगळं पुसलं जातं. मी करून बघितलं. त्याचं म्हणणं खरं निघालं. पत्ता विचारला तर ढोकी. मी म्हटलं, अरे, माझ्याच जिल्ह्यातला माणूस आणि मी त्याच्याशी इंग्रजी झाडतेय.

तो तिथल्या एका ऑनलाईन सेवा केंद्रावर कामाला होता. परीक्षेचे फॉर्म, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, लोकांची हरतऱ्हेची कामं. डिप्लोमाची दोन वर्षं झाली आणि वडिलांचं दुखणं निघालं, म्हणून तिसरं सुटलं ते सुटलंच. गिऱ्हाईक नसेल तेव्हा दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो प्रोग्रॅमिंग शिकला.

आणि त्याला जे माहीत होतं ते आमच्या विकीवरच्या एकाही हुशार माणसाला माहीत नव्हतं. माणूस लांबून जीपनं आलाय, काऊंटरला उभा आहे, फोटो वीस केबीच्या आत हवा, चौथ्या पानावर नेट गेलं, परत आलं तर साईट म्हणते पहिल्यापासून भरा. आम्ही सगळे फास्ट नेटवर बसून फॉर्म कसे बनवावेत ते लिहीत होतो. तो दिवसभर ते फॉर्म भरत होता.

“तू हे लिहून काढ,” मी त्याला म्हटलं.

“माझं इंग्रजी लई कच्चं आहे मॅडम.”

“ते मी बघते. आणि टोपणनाव घेऊ नकोस, पूर्ण नाव टाक. डिग्री नाही ना तुझ्याकडं? मग हेच तुझं सर्टिफिकेट. जगात कुणीही उघडून बघेल.”

हे शब्द माझे. त्यात खोटं काही नव्हतं. विकीच्या प्रत्येक पानाला इतिहासाचा एक कप्पा असतो. कुठलं वाक्य कुणी, कोणत्या तारखेला घातलं, कुणी खोडलं, सगळं तिथं आपोआप नोंदलं जातं. तो खोटा करता येत नाही. म्हणून तर मी एवढ्या छातीठोकपणे सांगितलं.

चार वर्षांत त्यानं सदतीस पानं लिहिली. अर्धवट भरलेला फॉर्म कसा जपून ठेवायचा, मोठी फाईल तुकड्यातुकड्यानं कशी पाठवायची, देवनागरीतली नावं नीट क्रमानं कशी लावायची, जुन्या स्वस्त सर्व्हरवर साईट कशी चालवायची. सुरुवातीला मी प्रत्येक वाक्याला लाल पेन लावत होते. शेवटच्या दहा पानांत स्वल्पविरामसुद्धा हलवावा लागला नाही.

मग ते मायग्रेशन आलं. मायग्रेशन म्हणजे घर बदलणं. जुन्या साईटवरून सगळी पानं उचलायची, नव्या साईटवर लावायची, जुनी बंद करायची. आमची जुनी विकी ज्याच्या सर्व्हरवर होती तो माणूस समुदाय सोडून चालला होता. महिनाअखेर मी सर्व्हर बंद करणार, असं त्यानं कळवलं होतं.

तांत्रिक बाजू मुरलीकडे होती. मुरली बंगळूरचा, शांत माणूस. आमचं बोलणं इंग्रजीत चालतं, इथं मराठीत देते.

“दोन रस्ते आहेत,” तो म्हणाला. “इतिहासासकट हलवायचं तर मला प्रोग्रॅम लिहावा लागेल. तीन आठवडे. नुसता आजचा मजकूर उचलायचा तर दोन दिवस.”

“महिना संपायला किती दिवस आहेत?”

“बावीस. जमेल, पण धावपळ होईल.”

“नुसता मजकूर उचल,” मी म्हटलं. “वाचकाला मजकूर लागतो. इतिहास कोण वाचतं?”

“नावं जातील.”

“नावं नंतर लावू.”

माझ्या डोक्यात तेव्हा पानांची क्रमवारी होती. चारशे बारा पानं. कुठलं ठेवायचं, कुठलं दुसऱ्यात मिसळायचं, कुठलं टाकायचं. त्याचा मी एक मोठा तक्ता केला होता, रंग भरून. तक्त्याच्या शेवटी कामांची यादी होती आणि त्या यादीत एकेचाळिसावं काम होतं, ‘लेखकांची नावं’. चाळीस कामं झाली.

नवी साईट उघडली त्या दिवशी मला दिसलं, की प्रत्येक पानाखाली ‘लेखक’ म्हणून माझं नाव येतंय. मंजिरी जोशी, मंजिरी जोशी, चारशे बारा वेळा. कारण साधं होतं. पान ज्याच्या खात्यातून चढवलं त्याचं नाव ती साईट खाली लावते, आणि सगळी पानं माझ्या खात्यातून चढली होती. मला तेव्हा हसू आलं होतं. मुरलीला मी म्हटलंसुद्धा, बघ, सगळ्या जगाचं लिखाण मी एकटीनं केलंय.

साईटचं कौतुक झालं. ऑनलाईन संमेलनात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. नागसेनही त्या संमेलनात होता, कोपऱ्यातल्या चौकटीत. नंतर त्यानं मेसेज केला, ‘मॅडम, एक नंबर झालंय. पण खाली नावं?’

‘येतील रे, काम चालू आहे,’ मी लिहिलं. काम चालू नव्हतं.

दोन महिन्यांनी त्यानं परत विचारलं. मी परत तेच लिहिलं. आमच्या समुदायात एक वाक्य फार आवडीनं बोललं जातं, की पान कुणा एकाचं नसतं, सगळ्यांचं असतं. तेही मी त्याला ऐकवलं. मला पगार देणारी कंपनी होती, डिग्री होती, सतरा वर्षांचा अनुभव कागदावर होता. माझ्या तोंडी ते वाक्य शोभून दिसायचं.

तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही. आणि मग ही पुण्याची जागा निघाली. कंपनी सरकारी कामाच्या वेबसाईट्स बनवायची, फॉर्मच फॉर्म. जाहिरातीत लिहिलं होतं, डिग्रीची अट नाही, केलेलं काम दाखवा. नागसेननं सदतीस लिंक पाठवल्या. दोन मुलाखती झाल्या. दुसरीत त्यानं आपण होऊन सांगितलं, की पानांखाली सध्या माझं नाव दिसत नाही, साईट बदललीय, मॅडम लावणार आहेत, त्यांना विचारा. त्यांनी विचारलं.

नागसेनचा फोन ठेवला आणि मी लगेच त्या इंजिनिअर बाईंना फोन लावला. घडलेलं सगळं सांगितलं. त्या सभ्य होत्या, आणि तेच जास्त अवघड गेलं.

“मॅडम, काल तुम्हीच लिहून दिलंत.”

“मी घाईत होते. प्रश्न नीट वाचला नाही.”

“बरोबर आहे, पण माझ्याकडे आता तुमची दोन उत्तरं आहेत. एक लेखी आणि एक फोनवरचं. तुम्ही त्याला ओळखता, तुमच्याच जिल्ह्यातला आहे. वरच्यांना मी काय सांगू?”

“काय दाखवलं तर चालेल?”

“काहीही, ज्यावर त्याचं नाव आणि तारीख आहे. सोमवारपर्यंत थांबते. त्यानंतर माझ्या हातात नाही.”

तो गुरुवार होता. मी मुरलीला गाठलं.

“जुन्या विकीची पूर्ण प्रत कुठं आहे?”

“नाही,” तो म्हणाला. “फक्त शेवटच्या मजकुराची आहे. आपण तसंच ठरवलं होतं.”

‘आपण’ म्हणाला हा त्याचा चांगुलपणा. ठरवलं मी होतं. सर्व्हरवाल्याला मेल केला, त्याचं उत्तर दोन तासांत आलं. भाड्याचा सर्व्हर पुसून त्यानं कधीच परत केला होता. जुन्या साईट्सच्या प्रती साठवून ठेवणाऱ्या ठिकाणी शोधलं. पानं सापडली, इतिहासाचे कप्पे नव्हते. ते कप्पे कुणी साठवत नाही.

मग मला आठवलं, की विकीवर कुणी काही बदललं की मला मेल यायचा. अमुक माणसानं अमुक पान बदललं, तारीख, वेळ. असे हजारो मेल आले असतील. मी मेलबॉक्स उघडला आणि मग माझीच शिस्त आठवली. असले मेल तीस दिवसांनी आपोआप पुसले जावेत असा नियम मीच लावून ठेवला होता. मेलबॉक्स रिकामा ठेवण्यावर मी एकदा ऑफिसात भाषण दिलं होतं, स्लाइड्ससकट. दुरुस्तीसाठीचे त्याचे मसुदे तरी मेलमध्ये असतील? नाही. ते आम्ही दोघं विकीवरच करायचो. ‘इथंच लिही, म्हणजे सगळ्याची नोंद राहते’, हाही सल्ला माझाच.

शुक्रवारी नागसेनला विचारलं, तुझ्याकडे काही आहे का, जुनी फाईल, काहीही.

“दुकानचा कॉम्प्युटर दोनदा फॉरमॅट झाला मॅडम,” तो म्हणाला. मग म्हणाला, “वह्या आहेत.”

“कसल्या वह्या?”

“मी आधी वहीत लिहायचो. दिवसा कॉम्प्युटर रिकामा कुठं असतोय? वहीत लिहायचं, मग मोकळा झाला की टाइप करायचं.”

शनिवारी मी ढोकीला गेले. तुळजापूरहून धाराशिव, तिथून दुसरी एसटी. कारखान्याकडं चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरांमागं बस रांगत होती. नागसेन स्टँडवर घ्यायला आला. रस्ताभर तो मला बसला त्रास झाला का, चहा कुठं घ्यायचा, असंच विचारत राहिला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी कारखान्यातल्या निरोपसमारंभाचा फोटो. त्याचे वडील बॉयलरवर होते. आता दम लागतो म्हणून खाटेवर उशीला टेकून बसले होते. मी नमस्कार केला, नाव सांगितलं.

“जोशीबाई व्हय,” ते म्हणाले. “बसा. पोरगं लई नाव घेतंय तुमचं.”

नागसेननं वह्या आणल्या. आडव्या रेघांच्या जाड फुलस्केप, अकरा. मी एक उघडली. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी. ‘नेट गेलं तर फॉर्मचं काय होतं’ असं वर लिहून खाली त्यानं एका माणसाची गोष्ट लिहिली होती. फॉर्म भरायला आलेला, तिसऱ्यांदा परत गेलेला माणूस. तो बिचारा नंतर आमच्या साईटवर एका उदाहरणातला ‘युजर’ झाला होता. मी ते उदाहरण शंभर वेळा वाचलं असेल, त्यामागं खरा माणूस असेल असं कधी मनात आलं नव्हतं. इंग्रजीतल्या चुकांवर नागसेननं स्वतःच लाल पेनानं गोल केले होते, मी करते तसे. सदतीसच्या सदतीस पानं तिथं होती. मी मोबाईलवर एकेका पानाचा फोटो काढायला लागले. आता काम होणार, असं मला खरंच वाटलं.

तारखा मात्र नव्हत्या. एकाही पानावर नाही.

“तारीख टाकायचं कधी डोक्यातच आलं न्हाय,” नागसेन म्हणाला. “ती तिकडं पडतीच की आपोआप.”

त्याची आई चहा ठेवून गेली. फोटो काढणं चालू होतं, आणि त्याचे वडील इतका वेळ नुसते बघत होते. मग त्यांनी विचारलं, “बाई, मला एक सांगा. पोरानं लिवलं, अन् नाव तुमचं आलं. ते कसं काय?”

मी सांगायला लागले. खातं, साईट, आपोआप नाव लागतं ते. सोपं करून सांगितलं, तेच तर माझं काम. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजी तुमी मुद्दाम केलं न्हाय.”

“नाही काका. मुद्दाम नाही केलं.”

“तसं आमाला ह्यात नवीन काय न्हाय,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “कारखान्यात म्या बॉयलर सांबाळला, बक्षीस सायबाला भेटलं. माज्या बापानं गावची इहीर खांदली, तिला नाव दुसऱ्याचं. पर ह्यो म्हणायचा, बापू, हितं तसं न्हाय. कॉम्प्युटरला आडनाव कळत न्हाय. म्हणून म्या बी म्हणलं, लिव बाबा.”

“बापू, राहू द्या की,” नागसेन म्हणाला.

माफी मागितली, पण ती इतक्या हळू आवाजात, की त्यांना ऐकू गेली की नाही कुणास ठाऊक. एवढ्या वर्षांत आम्हा दोघांत आडनावाचा विषय कधी निघाला नव्हता. निघायची गरजच नाही, असं मी धरून चालले होते. माझ्या आडनावानं मला कधी अडवलं नव्हतं, म्हणून ते मला दिसत नव्हतं. त्या चारशे बारा पानांखाली ते छापलेलं दिसलं तेव्हा मी हसले होते.

रविवारी मी सगळे फोटो क्रमानं लावले. कुठला परिच्छेद वहीत कुठं आणि साईटवर कुठं, याचा तक्ता केला. सोबत दोन पानी पत्र लिहिलं. माझी चूक काय, ती कधी झाली, त्याचं काम कुठलं, माझी दुरुस्ती कुठली. मुरलीनंही त्याच्या बाजूनं पत्र दिलं. सोमवारी सकाळी नऊच्या आत सगळं पाठवलं.

संध्याकाळी बाईंचा फोन आला.

“मी सगळं वाचलं. माझा विश्वास बसलाय,” त्या म्हणाल्या. “वह्या बघून तर बसलाच.”

“मग?”

“एचआरचं म्हणणं असं, की वहीवर तारीख नाही. साईटवरून उतरवूनही कुणी वही भरू शकतं. मी भांडले, मॅडम. पण शुक्रवारीच दुसऱ्या उमेदवाराला पत्र गेलं होतं. ते मलाही आज कळलं.”

“तुम्ही सोमवारपर्यंत थांबणार होतात.”

“मी थांबले होते. ते नाही थांबले.”

“आणि त्याच्या नावापुढं तुमच्याकडे जे लिहिलंय ते?”

त्या घुटमळल्या. “ती नोंद सिस्टिममध्ये गेलीय. खोटी माहिती दिली, अशी. काढायला सांगितलंय. निघेलच असं नाही सांगू शकत.”

हे नागसेनला मीच सांगितलं. तो “बरं” म्हणाला. मग म्हणाला, “तुमी एवढं आलात गावापर्यंत, लई झालं.” मी फोन ठेवून बराच वेळ रडले. त्यानं मला दोन शिव्या द्यायला हव्या होत्या.

पुढचे तीन आठवडे मी एकेचाळिसावं काम केलं. विकीवर लिहिणाऱ्या एकूण अडुसष्ट जणांना शोधून मेल केले, कुणी कुठलं पान लिहिलं होतं ते विचारलं. बहुतेकांनी उत्तर दिलं, की नावाचं काही एवढं नाही, राहू द्या. त्या सगळ्यांना नोकऱ्या होत्या. ज्यांनी सांगितलं त्यांची नावं लावली. नागसेनची सदतीस मी सर्वात आधी लावली. प्रत्येक पानाखाली ‘लेखक: नागसेन सरवदे’. लिंक त्याला पाठवली आणि फोन केला.

तो साईट उघडून बघत होता. माऊसची टिकटिक ऐकू येत होती.

“दिसतंय ना?” मी विचारलं.

“दिसतंय.” मग परत टिकटिक. “मॅडम, ह्या नव्या साईटला बी इतिहासाचा कप्पा आहे.”

“हो, आहे.”

“दोनच ओळी आहेत त्यात. वाचू?” आणि त्यानं वाचलं. “पान तयार केलं, मंजिरी जोशी. खाली, लेखकाचं नाव बदललं, मंजिरी जोशी. तारीख आजची.”

मीही तेच पान माझ्या स्क्रीनवर उघडलं.

“म्हणजे उद्या कुणी उघडून बघितलं, तर लिहिलं बी तुमीच, अन् नाव बी तुमीच दिलं. असंच दिसतंय ना?”

“हो,” मी म्हणाले. “असंच दिसतंय.”

“न्हाय, नुसतं विचारलं,” तो म्हणाला. गिऱ्हाईक आलं होतं, त्यानं फोन ठेवला.

त्याला दीड वर्ष झालं. तो अजून त्याच केंद्रावर आहे. अधूनमधून फोन होतो, तब्येतीची चौकशी होते. आमच्यासाठी त्यानं त्यानंतर एक ओळ लिहिलेली नाही आणि मी लिही म्हटलेलं नाही. त्याच्या पानांपैकी काही आता जुनी व्हायला लागलीत. ती दुरुस्त करू शकेल असा माणूस आमच्याकडे नाही.

साईट हलवणाऱ्यांसाठी मी एक सूचनांचं पान मात्र लिहिलंय. पहिली सूचना अशी, की आधी इतिहास हलवा, मग मजकूर. इतिहास हलत नसेल तर मजकूरही हलवू नका, आणि कितीही घाई असली तरी जुनं घर पुसू देऊ नका. त्या पानाखाली लेखक म्हणून माझं नाव आपोआप आलंय. तेवढं एक बरोबर आहे.